विमानकाकांची मागची सीट

विमानकाकांना जेवायला बोलावलं की आमच्या घरातली एखादी तरी वस्तू सुधारून जायची, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. हा माणूस सोफ्यावर टेकायचाच नाही. कोट काढायच्या आधीच नजर भिरभिरायला लागायची. किचनच्या कपाटाचं दार करकरतंय, नळ नीट बंद होत नाही, बॉयलर जरा जास्तच गुरगुरतोय. मी पुऱ्या लाटत असायचे आणि काका माझ्या पायाशी उकिडवे बसून बिजागरीत स्क्रूड्रायव्हर घालत असायचे. स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या खिशातला, हं! "काका, जेवायला बोलावलंय तुम्हाला!" मी ओरडायचे. "हो हो, एवढंच," असं म्हणून ते आणखी आत शिरायचे. पुऱ्या गार. आणि दार मात्र पुढे कधीच करकरायचं नाही, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही.

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ते भूल देणारे डॉक्टर होते आणि मी फिजिओथेरपिस्ट. मी पुण्याहून इथे आले तेव्हा ते निवृत्तीला टेकलेले होते. सगळं मराठी मंडळ त्यांना विमानकाका म्हणायचं, कारण घराच्या गॅरेजमध्ये ते स्वतःच्या हातांनी विमान बांधत होते. खेळण्यातलं नव्हे. दोन माणसांना घेऊन उडेल असं खरंखुरं विमान. लोक रिटायर झाल्यावर बागकाम करतात, क्रूझवर जातात. काकांच्या डोक्यात हे!

बरं, विमान तरी सरळ असावं की नाही? छोटा पंख पुढे नाकापाशी, मोठे पंख मागे, आणि फिरणारा प्रोपेलर सगळ्यात मागे, शेपटीच्या जागी. कनार्ड म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून म्हटलं, "काका, तुम्ही हे उलटं जोडलंय." काका इतके खूश झाले की त्यांनी मला तिथेच स्टुलावर बसवून शिकवणी सुरू केली. "अगं मीनल, साधं विमान फार हळू झालं की पंख दगा देतो आणि ते कोसळतं. ह्याचा पुढचा छोटा पंख आधी दमतो. नाक जरासं खाली येतं, वेग मिळतो आणि स्वारी पुन्हा सावरते. मागच्या मोठ्या पंखावर पाळी येतच नाही." त्यांना विमानातली हीच गोष्ट सगळ्यात प्रिय होती. जन्मभर लोकांना बेशुद्ध करून पुन्हा शुद्धीवर आणणाऱ्या माणसाला आपोआप सावरणारं यंत्र आवडणारच.

हे विमान फोमच्या ठोकळ्यांतून कोरतात आणि त्यावर काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून चढवतात. फोम कापायला तापलेली तार लागते आणि तारेच्या दोन टोकांना दोन माणसं. दोघांचे हात एकाच वेगानं सरकले पाहिजेत, म्हणून एकानं आकडे मोठ्यानं म्हणायचे. काकांचा विमानवाला मित्र कॉलिन आणि त्याची बायको ते इंग्रजीत म्हणत. आमच्या काकू मराठीत म्हणायच्या, शाळेतल्या बाईंच्या सुरात. एकदा मधेच कुकरची शिट्टी झाली, काकूंचा हात थबकला, आणि पंखाच्या फोमला हा एवढा खळगा पडला. काकांनी अख्खा ठोकळा टाकून दिला. काकू म्हणाल्या, "आता कापताना तुम्ही डाळ-तांदूळ कच्चे खायचे." रेझिन थंडीत वाळत नाही, म्हणून एका हिवाळ्यात तो पंख लाउंजमध्ये येऊन राहिला. त्या वर्षी दिवाळीला आम्ही सगळ्यांनी पंखाच्या दोन बाजूंना बसून चिवडा खाल्ला. कोणी त्याच्यावर बशी ठेवली की काका उठून उचलायचे.

कॉलिन म्हणजे काकांचा गुरू, मित्र आणि माझ्या मते काकूंचा वैरी. रिटायर्ड भूगोलाचा मास्तर, भला माणूस, स्वतःचं कनार्ड बांधून उडवणारा. शहराबाहेरच्या एका गवताळ धावपट्टीवर दर शनिवारी ही विमानं बांधणारी मंडळी जमायची. फ्लास्कमधला चहा, डब्यातला केक, आणि एकमेकांच्या विमानाभोवती प्रदक्षिणा. प्रदक्षिणेच्या शेवटी कोणीतरी डोकं एका बाजूला कलवून म्हणायचं, "लव्हली जॉब, डॉक. हॅव यू थॉट अबाउट...?" झालं! त्या एका वाक्यात काकांचे सहा महिने जायचे. इंजिनाला हवा घ्यायची तोंडं बदलली. चाकांवरची टोपणं बदलली. पंखांच्या टोकांची उभी पाती दोनदा बदलली. प्रत्येक बदल कागदावर मंजूर करून घ्यायचा, मग इन्स्पेक्टरला दाखवायचा, मग पुन्हा उडवून तपासायचा. शेवटी काकूंनी कॉलिनला केकचा तुकडा हातात देऊन बजावलं, "कॉलिन, नो मोअर थॉट्स, प्लीज." बिचारा लालेलाल झाला.

कारण तोवर काकूंना पार्किन्सन्स झाला होता.

आधी हाताची थरथर आणि मग पाय जड होणं. काकूंनी एक दिवस माझ्याकडे येऊन विचारलं, "मीनल, मला त्या विमानात चढायचंय. मागच्या सीटवर. किती दिवस आहेत माझ्याकडे?" मी उडवाउडवी करू लागले तर म्हणाल्या, "माझ्याशी गोड बोलू नकोस, तुझ्या पेशंटशी बोलतेस तसं बोल." मग सांगितलं. गुडघा कमरेपर्यंत उचलून पंखाच्या मुळावर पाय टाकायचा, शरीर वळवायचं आणि अरुंद सीटमध्ये उतरायचं. या उन्हाळ्यात जमेल. पुढच्या उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही. त्या दिवसापासून आमचे व्यायाम सुरू झाले. त्यांच्या जिन्याची तिसरी पायरी म्हणजे पंख, लाँड्री बास्केट म्हणजे सीट. मी कमरेला धरायचे आणि काकू दात-ओठ खाऊन चढायच्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा, आणि काकांचा इतका संताप यायचा, की विचारू नका.

विमान तर तयार होतं हो! काकांनी ते एकट्यानं कितीदा तरी उडवलं होतं. मागच्या सीटवर वजन ठेवून चाचण्या करायच्या असतात, तर त्यांनी बरोबर काकूंच्या वजनाइतक्या बासमतीच्या पिशव्या पट्ट्यांनी बांधून ठेवल्या होत्या. घरी येऊन म्हणायचे, "आज तुला आयल ऑफ वाइट बेटापर्यंत फिरवून आणलं." काकू म्हणायच्या, "वा! मी घरी भांडी घासत होते, आणि तांदळाला समुद्र दाखवलात." तो तांदूळ मग आम्हा सगळ्यांत वाटला गेला. आमच्या घरी त्याची खिचडी झाली, आणि काका ती खाता खाता आमचा एक्स्ट्रॅक्टर फॅन उघडून बसले. सगळ्या चाचण्या पार पडल्या, माणूस नेण्याची परवानगी आली. आता तरी? छे! काकांनी मागच्या सीटसाठी नवी घडीची पायरी करायला घेतली. मग पट्टे. मग हवेची झडप. मग पायरी जरा जड झाली म्हणून पुन्हा पायरी.

जुलैच्या एका दुपारी मी धावपट्टीशेजारी विमान ठेवायच्या हँगरमध्ये जाऊन सरळ भांडले. "काका, पायरी सोन्याची करा, पण पाय उचलला पाहिजे ना! दर आठवड्याला मी मोजतेय तो पाय. तो खाली खाली येतोय. तुम्हाला दिसत नाही?" मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी हातातला स्पॅनर पुसला, पुन्हा पुसला, आणखी एकदा पुसला. "दिसतं गं," म्हणाले. "रोज दिसतं. पण भूल दिलेला माणूस जागा होईपर्यंत मी कधी खुर्चीत बसलो नाही, मीनल. काहीतरी राहिलेलं असतंच, फक्त ते मला सापडलेलं नसतं. तांदूळ घेऊन गेलो तेव्हा हात थरथरला नाही. तिला बसवायचं म्हटलं की मला प्रत्येक नटबोल्ट सैल वाटतो." भांडायला गेलेली मी, त्यांच्यासाठी चहा करून परत आले.

मी काकूंना हे सांगितलं. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "शनिवारी मला तिकडे घेऊन चल."

इथे या विमानाची एक खोड सांगायला हवी. इंजिन मागे असल्यानं पुढच्या सीटवर पायलट नसला तर ते मागे कलतं आणि थेट प्रोपेलरवर बसतं. म्हणून पार्क करताना पुढचं चाक पोटात घेऊन त्याचं नाक जमिनीला टेकवून ठेवतात. ते जोवर चाकांवर उभं आहे तोवर कोणीतरी पुढे बसलेलं हवं, नाहीतर कोणीतरी नाक धरून हवं. ही मंडळी विमानाच्या नाकाला हात लावून तासन्‌तास गप्पा मारत उभी असतात, ते याचमुळे.

त्या शनिवारी काका एकटेच एक चक्कर मारून उतरले. हवा छान होती. इंजिन बंद केलं, खाली उतरले, आणि कॉलिनला नाक धरायला सांगून पुढच्या चाकापाशी वाकले. त्यांना कुठेतरी खुट्ट वाजल्यासारखं वाटलं होतं. काकूंनी माझा हात दाबला. "चल." आम्ही पंखाशी गेलो. त्यांनी पायरीवर एक पाय टाकला, मी कमरेला आधार दिला, दुसरा पाय आला, आणि बाई सीटमध्ये उतरल्या! अगदी लाँड्री बास्केटमध्ये उतरायच्या तशा. तिकडे कॉलिनच्या हाताखालून नाक वर उचललं जायला लागलं. "डॉक! डॉक!" तो दोन्ही हातांनी नाकावर लोंबकळला. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूनं लटकले. काका उठून बघतात तो मागच्या सीटवर काकू, पट्टा लावून.

"अगं, उतर! ते मागे पडेल!"

"मी नाही उतरत," काकू म्हणाल्या. "मला उतरता येतं की नाही, मीनलला विचारा. चढायचाच व्यायाम झालाय आमचा."

"सुधा, हट्ट करू नकोस. त्या चाकात..."

"चाकात काही नाही. असेल तर आत्ता बघा, मी बसते. ही दोघं किती वेळ लोंबकळणार ते मात्र मला माहीत नाही."

कॉलिनला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्याला सगळं कळलं. "डॉक," तो धापा टाकत म्हणाला, "फॉर गॉड्स सेक, गेट इन." काका चाकाकडे बघत होते, काकूंकडे बघत होते. मग वाकून त्यांनी ते चाक हलवून पाहिलं, इंजिनाभोवती फिरले, पेट्रोल पाहिलं, पंखांच्या कडेच्या हलत्या फळ्या वरखाली करून पाहिल्या, काकूंचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. आम्ही लटकलेलोच! मग पुढच्या सीटवर चढले. ते बसले आणि आमच्या हातांवरचा भार एकदम उतरला.

विमान गवतावरून गेलं आणि उडालं. एवढंच दिसलं मला. दक्षिणेला समुद्राकडे एक पांढरा ठिपका, मग तोही नाही. कॉलिननं मला केक दिला, तो मी न खाता कुस्करून टाकला. ती दोघं परत आली, चाकं टेकली, काच उघडली. काका पुढेच बसून राहिले. आम्ही काकूंना उतरवेपर्यंत त्यांना तसं बसावंच लागणार होतं म्हणा. उतरवायला मात्र तीन माणसं लागली.

त्यानंतर काकू पुन्हा कधी चढू शकल्या नाहीत. पाय सप्टेंबरातच थकला. आम्ही सगळे काकूंची काळजी करत राहिलो, आणि गेले काकाच. या मार्चमध्ये, सकाळी चहा पिता पिता, हार्ट ॲटॅकनं. घरात भूलतज्ज्ञाचं सगळं ज्ञान होतं आणि काही उपयोग झाला नाही. मी खूप रडले. माझ्या घरात त्यांचा हात न लागलेलं एक दारही नाही.

मागच्या आठवड्यात काकूंकडे गेले होते. लीड्सहून त्यांची मुलगी आली होती. इथेच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी जरा तिरपं चालतं. ती हळूच म्हणाली, "आई, बाबांचा विमान कॉलिनला दिला तर चालेल?" काकू म्हणाल्या, "दे. उडवू दे त्याला." मग मी कधीपासून मनात असलेलं विचारलं. म्हटलं, "काकू, त्या दिवशी वर काय काय पाहिलंत? आयल ऑफ वाइट दिसलं?"

"दिसलं असेल," काकू म्हणाल्या. त्यांना हल्ली बोलायला वेळ लागतो, मी थांबले. "मागच्या सीटवरून पुढच्या माणसाची मान दिसते, मीनल. आधी ती इकडेतिकडे वळत होती. घड्याळं बघ, पंख बघ, मला विचार, बरी आहेस ना. मग समुद्रावर गेलो आणि ती थांबली. हात मांडीवर, मान सरळ. लग्न झाल्यापासून हा माणूस स्वस्थ बसलेला मी पाहिला नव्हता. मुलगी झाली तेव्हासुद्धा पाळण्याचे स्क्रू आवळत होते."

मी त्यांचा हात माझ्या हातात धरला.

"ते बघत बसले मी. खाली बघायचं राहूनच गेलं."