टोचनला दोन माणसं

आधीच माफी मागते. आमच्या घरात लिहायची वेळ आजवर सहीपुरतीच येत होती, आणि ती करतानाही वडील पेन हातात घेऊन जरा थांबायचे. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याच्यावर आपला काहीतरी हक्क असावा लागतो, असं मला वाटतं. माझा तसा काही नाही. मी आप्पांच्या नात्यातली नाही, त्यांच्या समाजातलीही नाही. रविवारी सकाळी त्यांच्या बंद ट्रॅक्टरवर स्टिअरिंग धरून बसायचे, एवढाच आमचा संबंध. चुकलं तर सांभाळून घ्या.

आप्पा म्हटलं की मला आधी त्यांचा हात दिसतो, तोंड नंतर. डावा हात, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, खांद्याच्या वर सरळ उभा धरलेला. पुढच्या ट्रॅक्टरवर ते, मागच्यावर मी, मध्ये साखळी. तो हात वर गेला की मी क्लच सोडायचा. त्याआधी बिलकुल नाही.

"घाई न्हाई," ते म्हणायचे. "हात बघ."

गावाकडच्या वाचकांना हे सांगायला नको. बॅटरी गेलेला ट्रॅक्टर सुरू करायचा तर त्याला साखळीनं दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागं बांधतात. मागचा गिअरमध्ये टाकून क्लच दाबून धरायचा. पुढचा ओढत नेतो, वेग आला की क्लच सोडायचा, मग मागचा एक आचका देतो, काळा धूर टाकतो आणि सुरू होतो. सुरू झाला की लगेच पुन्हा क्लच दाबायचा, नाहीतर तो पुढच्यावर जाऊन आदळतो. याला आमच्याकडं टोचन म्हणतात. टोचनला ट्रॅक्टर दोन लागतात आणि माणसंही दोन लागतात. हे शेवटचं वाक्य मी खूप उशिरा नीट समजून घेतलं.

कुंभार पिंपळगावहून तीर्थपुरीकडं जाताना आमची वस्ती लागते. तोंडाशीच निळा झेंडा आहे. झेंड्यासमोर रस्ता ओलांडला की आप्पांचं शेत, आणि शेतात घर. घरापुढं त्यांचे जुने ट्रॅक्टर उभे असत. रंग उडालेले, एकाचं बॉनेट नाही, एकाला सीटच्या जागी खताची गोणी घडी करून ठेवलेली. त्यातला लाल तेवढा बॅटरीवर सुरू व्हायचा. बाकीच्यांना तो ओढायचा.

मागच्या ट्रॅक्टरवर बसायची जागा मुळात माईंची. माई म्हणजे आप्पांची बायको. पदर कमरेला खोचून, डोळे आप्पांच्या हातावर ठेवून त्या बसायच्या. सुरुवातीला लोक हसायचे म्हणे. माई म्हणायच्या, "हसू द्या. त्यांच्या घरात कोणी कोणाचा हात बघत न्हाई, म्हणून हसून राह्यले."

मी नववीत होते तेव्हा पुण्याला त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. माई दोन महिन्यांसाठी निघाल्या. पिशवी घेऊन रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या होत्या. मला हाक मारली आणि म्हणाल्या, "मी येईपर्यंत तू बस गं मागं. ह्यांना दुसरं कोणी चालत न्हाई."

मी म्हटलं, "मला येत नाही, माई."

"येण्यासारखं त्यात काय हाय? हात बघायचा."

तेव्हा माझा एक पाय क्लचला पुरायचा नाही. मी दोन्ही पायांनी क्लचवर उभी राहायचे आणि सोडताना उडी मारून बाजूला व्हायचे. आप्पा मागं वळून बघायचे, हसायचे नाहीत. ट्रॅक्टर सुरू झाला की फक्त म्हणायचे, "बराबर."

आता आप्पांच्या खरेदीचं सांगते. त्यांचा हिशेब ऐकून आमच्या वस्तीवर लोकांची करमणूक व्हायची. माझे वडील कापसाच्या जिनिंगवर कामाला जातात. जाता-येता ते आप्पांकडं तंबाखूला थांबायचे. तिसरा ट्रॅक्टर आला तेव्हा वडील म्हणाले, "आप्पा, दोन हैत की. तिसरा कशाला?"

"दोनातला एक बिघडला तर टोचनला काय लावू? तुला?"

चौथा आला.

"आता हा?"

"तिसरा येकटा पडला होता. त्याला जोडी नको?"

पाचवा आला तेव्हा वडिलांनीच सांगून टाकलं, "ऱ्हाऊ द्या, मीच सांगतो. चारातला एक बिघडला तर म्हणून हा पाचवा. आन् पुढं सहावा आणचाल, तो पाचव्याला जोडी. बराबर का?"

आप्पा चुना मळत म्हणाले, "तुला समजतंय, मंग इचारतो कशाला?"

यावर आई एकदा म्हणाली होती की एवढ्या ट्रॅक्टरांपेक्षा बॅटऱ्या घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. आप्पा गंभीर होऊन म्हणाले, "बॅटरीचा खर्चा परवडत न्हाई, बाई." त्याच आठवड्यात ते ट्रॅक्टर बघायला मंठ्याला जाऊन आले होते.

ज्या गावाहून ट्रॅक्टर आणला त्या गावाचं नाव त्याला पडायचं. परतूरवाला, मंठेवाला. आमच्याकडं सुनांना जशी माहेरच्या गावावरून हाक मारतात, तसं. ही गंमत माईंच्याच लक्षात आली. संध्याकाळी त्यांचा पुण्याहून फोन यायचा. आप्पांना फोन कानाला लावलेला आवडायचा नाही, ते स्पीकर लावून तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवायचे आणि मोठ्यानं बोलायचे. त्यामुळं माईंचं बोलणं आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

"मी हितं नातू सांभाळू राह्यले आन् तुम्ही तिथं सवती आणू राह्यले. किती झाल्या?"

"तू ये आन् मोज."

"येते. जावळ झालं की येते."

जावळ झालं. मग सूनबाईंची रजा संपली, त्यांना कामावर जाणं भाग होतं. मग पोरगं रांगायला लागलं, त्याला पाळणाघरात टाकायचं माईंच्या जिवावर आलं. मग बालवाडी. त्यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही. आप्पांचा मुलगा चांगला होता. तो आप्पांना पुण्याला या म्हणायचा, आणि एकदा ते गेलेही. आठच दिवसांत परत आले. मी विचारलं, कसं वाटलं?

"बरं हाय. पण तिथं सगळ्या गाड्या किल्लीनं सुरू होत्यात," ते म्हणाले. "कोणाला कोणाचं कामच न्हाई."

दिवाळीला माई यायच्या, चार-पाच दिवस. त्या दिवसांत मी मुद्दाम तिकडं जायचे नाही. आमच्या दारातून दिसायचं. लाल ट्रॅक्टर पुढं, माई मागं, आणि आप्पांचा हात. एका दिवाळीला त्यांनी ओळीनं सगळे ट्रॅक्टर सुरू केले आणि तसेच चालू ठेवले. इतका आवाज झाला की आमच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. माई कानावर हात ठेवून ओरडत होत्या, "बंद करा ते. ह्याच्यावर भोपळ्याचे वेल चढवा, काही कामाला तरी येतील." आप्पा कंबरेवर हात ठेवून मध्ये उभे होते. ते कुणाकडंच बघत नव्हते, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी त्यांना तसं उभं राहिलेलं पुन्हा पाहिलं नाही.

भाऊबीज झाली की माई गेल्या. दोन दिवसांनी आप्पा वडिलांना म्हणाले, "घनसावंगीला एक आहे म्हणं. बघून येऊ."

मी बारावीला होते तेव्हा माईंचा फोन आला. सूनबाईंना पुन्हा दिवस गेले होते. आप्पा "बरं झालं, बरं झालं" म्हणाले. फोन संपला तरी तो मडगार्डवरच राहिला. मी शेजारी साखळी गुंडाळत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अंबडला एक जुना निळा निघालाय."

तोपर्यंत मला ट्रॅक्टर म्हणजे आप्पांचा छंद वाटत होता. त्या संध्याकाळी मी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांकडं एकेक करून बघितलं. परतूरवाला आला तेव्हा माई जावळासाठी थांबल्या होत्या. मंठेवाला सूनबाईंच्या रजेनंतरचा. घनसावंगीचा त्या दिवाळीनंतरचा. मी विचारलं, "माई कधी येणार, आप्पा?"

"येईल की. एवढे सगळे सुरू करायचे तर तिला यावंच लागंल."

अंबडचा तो निळा मात्र दुसऱ्याच कुणी नेला होता. आप्पा रिकाम्या हातानं परतले.

याच दिवसांत मी एकदा शहाणपणा केला. गोठ्यामागं ओढ्याकडं जमिनीला चांगला उतार आहे. मी म्हटलं, "आप्पा, एकेक ट्रॅक्टर तिकडं उतारावर लावून ठेवला तर? ब्रेक सोडला की आपोआप गडगडत जाईल, क्लच सोडला की सुरू. टोचन नको, कुणी नको. तुम्हाला एकट्याला जमेल."

मला वाटलं होतं त्यांना कौतुक वाटेल. ते उताराकडं बघत राहिले. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही, ते लहानपणापासून त्या ओढ्यावर होते.

"एकट्यानंच सुरू करायचा," ते म्हणाले, "तर सुरू कशाला करायचा?"

मला जालन्याला प्रवेश मिळाला. नवीन जालन्यात मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली. जायच्या दिवशी आप्पा रस्त्यावर आले. आईनं जय भीम केला, त्यांनीही जय भीम केला. माझ्या हातात शेंगांची पिशवी दिली. मी म्हटलं, "आता मागं कोण बसेल?"

"तुझा बाप बसंल. त्याला हात दिसत न्हाई, पण बसंल."

वडील म्हणाले, "मला दिसतो. तुम्हीच जल्दी वर करता."

एसटी निघाली. मी खिडकीतून मागं बघितलं. आप्पांनी हात वर केला होता. टाटा करतात तसा हलवला नाही. नुसता वर धरला होता, वळणापर्यंत.

जालन्यात माझ्या खोलीच्या खिडकीतून बियाणं कंपन्यांच्या पाट्या दिसतात. खाली दिवसभर रिक्षा आणि मोटारसायकली. सगळ्या एका बटणावर सुरू होतात. पहिले काही महिने मी कुणाशीच फार बोलले नाही. वर्गात प्रश्न आला की उत्तर येत असूनही हात वर व्हायचा नाही. रविवारी सकाळी लवकर जाग यायची आणि काही काम नसायचं.

आईचा फोन आला की मी आप्पांचं विचारायचे. एकदा ती म्हणाली, "त्यांनी अजून एक आणला."

"माईंचा फोन आल्ता का? पुन्हा लांबलं का काही?"

"न्हाई गं. माईचं काही न्हाई. असाच आणला. भोकरदनहून आणलाय, पण त्याला जालन्याचा म्हंतात. का, ते इचारलं तर सांगत न्हाईत."

मी बरं म्हणून फोन ठेवला. शेजारच्या मुलीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, गावाकडं एकानं ट्रॅक्टर घेतला.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती तेव्हा घरचे फोन कमी आले. आले तरी आई "पेपर कसा गेला, जेवलीस का" एवढंच बोलायची. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी तिनं सांगितलं. आप्पा जाऊन बरेच दिवस झाले होते. रात्री जेवून झोपले, सकाळी उठले नाहीत. माई, मुलगा, सूनबाई, नातवंडं सगळे आले, तेराव्यापर्यंत राहिले. "तुझी परीक्षा होती," आई म्हणाली. "तुला सांगून तू काय केलं असतं?"

मी काही केलं नसतं, हे खरं आहे.

मग तिनं पुढचं सांगितलं, तुटक तुटक. तेरावं झाल्यावर मुलानं भंगारवाल्याला बोलावलं. त्याला सुट्टी उरली नव्हती आणि आईला घेऊन परत जायचं होतं. भंगारवाल्याचा ट्रक शेतात येईना, म्हणून एकेक ट्रॅक्टर ओढून रस्त्यावर न्यायचं ठरलं. लाल ट्रॅक्टरवर भंगारवाल्याचा माणूस बसला. मागं परतूरवाला बांधला. त्यावर स्टिअरिंग धरायला माझे वडील चढायला लागले, तर माई ओसरीतून उठून आल्या आणि म्हणाल्या, "तू उतर. मी बसते."

भंगारवाल्याला नुसता ओढून न्यायचा होता. माईंनी पदर खोचला आणि गिअर टाकला. पुढचा चालत राहिला. माई क्लच दाबून पुढं बघत राहिल्या. पुढच्या माणसाला काही माहीत नव्हतं, तो हात कशाला वर करील? अर्धी वाट तशीच गेली. शेवटी वडिलांना समजलं. ते धावत लाल ट्रॅक्टरच्या बाजूला गेले आणि त्यांनी आपला हात वर केला.

"सुरू झाला बघ," आई म्हणाली. "एवढा धूर. माईनं साखळी सोडायला लावली, ट्रॅक्टर वळवला आन् परत दारात आणून उभा केला. पोराला म्हन्ली, तू जा बाबा. मी हितंच ऱ्हाते."

बाकीचे सगळे भंगारात गेले. लालही गेला, जालन्याचाही गेला. परतूरवाला एकटा राहिला, बिनबॅटरीचा. माई तो रोज सकाळी सुरू करतात, आवाज आमच्या घरी येतो, असं आई म्हणाली.

मी विचारलं, "पण टोचनला कोण असतं?"

"कोणी न्हाई," आई म्हणाली. "मागं ओढ्याकडं, उतारावर लावलाय तिनं."