धावड्याची काठी आणि आठाण्याची टिप

धावड्याची काठी जड असते असं मला सांगणाऱ्यानं आधी ती हातात घेऊन चार बॉल मारावेत, मग बोलावं. बिलियर्डच्या टेबलाशेजारी उभं राहून लाकडावर वाद घालणारी पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या बहुतेकांनी जन्मात कधी रंधा धरलेला नव्हता. मला तिथं तोंड उघडायची मुभाच नव्हती, म्हणून मी सगळं नीट ऐकलं.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून तिथं ‘लातूर’ लिहिलं होतं, तरी उन्हात तिरपं बघितलं की जुनी अक्षरं दिसायचीच. अशाच एका कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले आणि आईला घेऊन लातूरला खोली करून राहिले. जिल्हा झाला म्हणून साहेब लोक आले, आणि त्यांच्या मागोमाग दुष्काळही मुक्कामाला आला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माल येईना. एका आडत्याचं गोडाऊन इतकं रिकामं पडलं की तिथल्या उंदरांनीही घर बदललं असेल. त्या शेटनं डोकं चालवलं. नांदेडच्या एका जुन्या क्लबानं मोडीत काढलेलं बिलियर्डचं टेबल त्यानं उचलून आणलं, गोडाऊनात मांडलं आणि साहेब लोकांना संध्याकाळचं बोलावणं धाडलं.

टेबलाबरोबर माझे आप्पाही आले. नांदेडला त्याच टेबलाशेजारी त्यांनी उमर काढली होती. गुण मांडायचे, बॉल लावायचे, काठ्या दुरुस्त करायच्या. या कामाला मार्कर म्हणतात. आई म्हणायची, "माझा नवरा आन् त्येचं टेबल एकाच ट्रकातून उतरलं. आधी टेबल उतरवून घेतलं लोकांनी."

गोडाऊनात रोज वाद व्हायचा, आणि तो खेळापेक्षा जास्त रंगायचा. पुण्याहून बदलून आलेले एक इंजिनिअर साहेब होते. त्यांची काठी इंग्लंडच्या ॲश लाकडाची, अंगावर बाणासारख्या रेघा असलेली. ॲशशिवाय दुसरं लाकूड म्हणजे त्यांच्या मते चुलीत घालायची चीज. शेटनं मुंबईहून फायबरची काठी आणली होती. "पाणी लागलं तरी वाकत न्हाई," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्यावर आप्पा म्हणायचे, "शेट, तिला लावायला पाणी आणायचं कुठून?" गाव तेव्हा घागरीला घागर लावून टँकरची वाट बघत होतं.

आप्पांची स्वतःची काठी धावड्याची होती. इस्लापूरकडच्या एका सुतारानं तिफणीचं लाकूड करतात तसं हे लाकूड वर्षभर ओढ्यात बुडवून आणि पुढचं वर्षभर वळचणीला वाळवून ती केली होती. ज्या लाकडाला कुऱ्हाडीचा दांडा होऊन रोज मार खायची सवय आहे, ते लातूरच्या उन्हाला काय भीक घालणार? साहेब म्हणायचे, "आप्पा, ही काठी आहे की मुसळ?" आप्पा म्हणायचे, "हात कापत आसंल तर जड काठीच बरी, साहेब. ती हाताला गप बसवती." साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, कारण त्यांचा हात खरंच कापायचा.

दुसरा वाद टिपेचा. काठीच्या टोकाला पितळी टोपण असतं आणि त्यावर चामड्याची बोटाच्या पेराएवढी चकती. बॉलला लागते ती एवढीच. ही टिप किती गोल ठेवायची, हे आप्पा नाण्यांत मोजायचे. त्यांच्याकडं पितळेची एक पट्टी होती, तिच्या कडांना तीन खाचा: रुपयाची, आठाण्याची आणि पावलीची, म्हणजे चाराण्याची. रुपयाची गोलाई सगळ्यात चपटी, पावलीची सगळ्यात उभार. सरळ मारणाऱ्याला रुपया, बॉल नाचवणाऱ्याला पावली, आणि शहाण्या माणसाला आठाणे, असा त्यांचा हिशेब. साहेबांचा मात्र हट्ट होता की टिप रुपयाचीच पाहिजे, पुण्याला सगळे तशीच ठेवतात. पुण्याचं नाव आलं की वाद संपला असं त्यांना वाटायचं. मला ते ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मी दाराबाहेर उभी असायची.

दाराबाहेर उभी असायची, त्याचं कारण होतं. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पिकला की काढू, अशी डॉक्टरांची चिठ्ठी मला त्यांच्या खिशात सापडली होती. आमच्याकडं त्या साली पिकत होतं ते तेवढंच. आप्पांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आम्हालासुद्धा नाही. बॉलच्या आवाजावरून आणि खेळणाऱ्यांच्या बोलण्यावरून ते गुण मांडायचे. कचेरी सुटली की मी मोंढ्यातून त्यांना घ्यायला जायची. घरी येताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "मोंढ्यात लई गर्दी हाय." मोंढ्यात कुत्रंसुद्धा नसायचं. मी म्हणायची, "हाव, लई गर्दी हाय."

टिपांचंही तसंच झालं. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी एक काठी धोतरात गुंडाळून घरी आणली, अंगणात बसले आणि चाकू माझ्या हातात दिला. "आज उजेड कमी हाय. तूच कर." भर दुपार होती. मी पदर खोचला. मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. मुखेडच्या बाजारातून आणलेलं म्हशीचं चामडं, त्याची चकती कापायची, दुधात भिजवायची, शिकंज्यात आवळून घट्ट करायची, सरसानं चिकटवायची आणि मग काचकागदानं घासत घासत गोल करायची. आमच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. आई दुधाची वाटी अंगणात आणून आपटायची. "चामड्याला दूध, आन् माणसाला कोरा चहा! कर म्हणावं, काय करायचं ते."

माझा हात बसला. उगाच विनय कशाला करू? चांगलाच बसला. गोडाऊनातल्या सगळ्या काठ्यांना माझ्या टिपा लागल्या आणि वाहवा आप्पांची होत राहिली. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. साहेबांच्या काठीला मी त्यांच्या हुकमाप्रमाणं रुपया न ठेवता गुपचूप आठाणे करून दिले. पंधरा दिवसांत साहेब सगळ्यांना सांगू लागले, "बघा, आता बॉल कसा वळतो. रुपयाची टिप ती रुपयाची टिप!" दाराबाहेर मी पदर तोंडात कोंबून हसले.

उन्हाळ्यात साहेब आठ दिवस रजेवर गेले. जाताना काठी आप्पांकडं देऊन म्हणाले, "हवा फार कोरडी आहे, हिला तेल द्या." आप्पांनी मला बजावलं, "जवसाचंच लाव. पातळ लाव आन् कोरड्या फडक्यानं ओढून घे." घरातलं जवसाचं तेल संपलं होतं. घाणा बंद, दुकानात नाही. आमच्याकडं लाठीला करडीचं तेल लावतात, बैलाच्या शिंगाला करडीचं लावतात, खातोही करडीचंच. मी म्हटलं, तेल ते तेलच. चांगलं सढळ हातानं लावलं आणि काठी तशीच धोतरात गुंडाळली. आप्पांनी विचारलं, "जवसाचंच ना?"

"हाव," मी म्हणाले.

हे एक खोटं मला फार महागात पडलं.

साहेब आले त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं दाराशी उभी होते. आतून त्यांचा आवाज आला. "आप्पा, हे काय करून ठेवलंत? हात सरकत नाहीये. गुळाच्या ढेपेत बुडवून काढल्यासारखी झालीय काठी!" करडीचं तेल अंगावर चिकट होऊन बसलं होतं आणि वर मोंढ्याची सगळी धूळ.

शेट म्हणाला, "आप्पा, खरं सांगा, तुमाला दिसतंय का नीट? का मी दुसरा मार्कर बघू?"

आप्पांनी काठीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चुकलं माझं. उजेड कमी होता त्या दिशी."

त्या टेबलाशिवाय आप्पांकडं दुसरं काही नव्हतं. ते गेलं असतं तर ते घरी नुसते बसून राहिले असते, आणि मला माहीत होतं की ते फार दिवस बसून राहिले नसते. बायकांनी त्या गोडाऊनात यायचं नाही असा नियम कुणी लिहिलेला नव्हता, कारण लिहायची कधी गरजच पडली नव्हती. मी चपला काढल्या आणि आत गेले.

"तेल मी लावलं," मी म्हणाले. "आप्पांनी जवसाचं सांगितलं होतं. मिळालं न्हाई म्हणून मी करडीचं लावलं आन् त्यांना खोटं सांगितलं. चूक माझी हाय."

शेट हसला. "बापाला वाचवाया आली का, पोरी?"

"वाचवाया कशाला? दिवाळीपासून हितल्या सगळ्या टिपा मीच करायलेय. साहेब, तुम्ही ज्या टिपेचं कौतुक करता ती बी माझीच हाय. आन् ती रुपयाची न्हाई, आठाण्याची हाय. म्हणून तुमचा बॉल वळायलाय."

शेटनं साहेबांकडं बघितलं, साहेबांनी टिपेकडं. मग आप्पाच कडाडले, "खोटं बोलायली! टिपा म्या केल्या. तू घरी जा."

शेटच्या बोलण्यानं मला काही झालं नव्हतं, पण हे लागलं. ज्यांच्यासाठी आत आले तेच मला खोटी पाडत होते. डोळ्यात पाणी आलं आणि त्याहून जास्त संताप आला. घरी जायचं? आता तर मुळीच नाही. मी आप्पांची पेटी उघडली, पितळेची पट्टी काढली आणि साहेबांपुढं धरली. "बघा लावून."

साहेबांनी काठी दिव्यासमोर धरली. रुपयाच्या खाचेत टिप बसेना. आठाण्याच्या खाचेत बसली. कडेला जरा झिजली होती, तिथूनच काय तो उजेड येत होता. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण माणूस खोटा नव्हता. काठी माझ्यापुढं करून म्हणाले, "तुम्ही केलीत म्हणता ना? मग ही झीज काढून दाखवा. आणि हा चिकटाही."

"बाईच्या हातची टिप!" शेट म्हणाला.

"भाकरी खाताना विचारता का, शेट, कुणाच्या हातची हाय ते?"

मी खाली मांडी घालून बसले. रॉकेलात फडकं भिजवून काठी लांबीनं पुसली, चार वेळा फडकं बदललं. बारीक कागदानं एक हात मारला. ॲश लाकूड पुन्हा मोकळं झालं. वाईट लाकूड नव्हतं ते, एवढं मी कबूल करते. मग काठी मांडीवर आडवी घेऊन टिप घासायला लागले. गोडाऊनात कागदाची खसखस तेवढी ऐकू येत होती. आप्पा टेबलाच्या कडेला हात टेकून पाठमोरे उभे होते. मी त्यांच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. डावी बाजू झाली, उजवी झाली, आता थोडं टोकाला.

"बास," आप्पा पाठमोरेच म्हणाले. "आणखी घासशील तर पावली हुईल."

माझा हात थांबला. पट्टी लावून बघितली. आठाणे, कुठूनही उजेड नाही.

साहेबांनी टिपेला खडू लावला आणि वाकून एक बॉल मारला. लाल बॉलला लागून पांढरा असा अंग चोरून मागं आला की शेटच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग साहेब सरळ झाले आणि जुन्या सवयीनं काठी आप्पांसमोर धरून म्हणाले, "आप्पा, एकदा बघा, बरोबर झालीय ना?"

आप्पांनी हात पुढं केला नाही. काठी त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर होती.

"मला कामून विचारता, साहेब?" ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. तिला इचारा."

शेटनं दुसरा मार्कर काही बघितला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यानं तीन काठ्या माझ्या कचेरीत पाठवल्या, धोतरात न गुंडाळता, सगळ्यांच्या टेबलांमधून, उघड्या. आमच्या हेडक्लार्कनं कपाळाला आठ्या घातल्या. मी त्या टाइपरायटरशेजारी भिंतीला उभ्या केल्या नाहीत, कारण उभी ठेवली की काठी वाकते, आडव्या ठेवल्या.

पण त्या संध्याकाळचं सांगते. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मोंढा नेहमीसारखा ओसाड होता. रिकाम्या गाड्या, बंद दुकानं. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही घराकडं चालू लागलो. मोंढ्यात गर्दी आहे असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.