लॉर्डसाहेबांबरोबर सिरोंच्याला

सिरोंच्याला कसं जायचं, असं बरेच जण विचारतात. आता डांबरी रस्ता आहे, बस आहे. मी पहिल्यांदा गेलो तो पन्नासच्या दशकात, जीपमधून, एका म्हाताऱ्या इंग्रज लॉर्डसाहेबांचा दुभाष्या म्हणून. मी नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवत होतो. पाहुण्यांसोबत कोणीतरी हवं होतं, प्राचार्यांनी मला धाडलं. दिवस थंडीचे होते. तुम्हीही थंडीतच जा. पावसाळ्यात नाले वाट अडवतात.

पहिला मुक्काम चांदा. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. कोटाच्या दरवाजातून जीप आत शिरली आणि साहेब बोलके झाले. मोठ्या घराण्यातले धाकटे चिरंजीव. जहागीर थोरल्याला गेली, म्हणून हे नोकरीला हिंदुस्थानात आले. पहिली नेमणूक सिरोंचा, पुढे एका प्रांताचे गव्हर्नर, शेवटी लंडनमध्ये मंत्री.

"स्वराज्य इतक्यात देऊ नका, असं मी वर्षानुवर्षं सांगत होतो," ते म्हणाले. "आणि आज तुमच्याच सरकारचा पाहुणा होऊन भजी खातोय." भजी झकास होती, हे खरं.

पेट्रोल चांद्यातच भरलं. पुढे भरवसा नव्हता. जोडनावेवर जीप चढवून वैनगंगा ओलांडली, मग आलापल्लीपर्यंत सागवानच सागवान. विश्रामगृहात खानसाम्यानं कोंबडी-भात केला. शेकोटीपाशी साहेबांनी सिरोंच्याला निघण्याचं खरं कारण सांगितलं. तरुणपणी नावाडी नको म्हणत असताना, हुकूम सोडून त्यांनी पुरात डोंगा घालायला लावला होता. डोंगा उलटला. एका ढिवराच्या, म्हणजे मासेमाऱ्याच्या, बायकोनं केसाला धरून त्यांना ओढून काढलं. आभार मानण्याआधीच ते तापानं फणफणले, आणि मग बदली झाली.

"गव्हर्नर असताना का नाही आलात?" मी विचारलं.

"तेव्हा तिला माझ्यासमोर हात जोडून उभं केलं असतं."

सिरोंच्यात विचारत विचारत गेलो, तर प्राणहितेच्या काठी तीच बाई, लचमाबाई, जाळं वाळत घालत होत्या. तिथे बोलणं तेलुगूत चालतं, पण बाईंचं माहेर अहेरीकडचं, त्यामुळे मराठी येत होतं. साहेबांनी वाटेत घोकलेलं वाक्य म्हटलं, "बाई, आपण माझा जीव वाचवला."

बाईंनी त्यांना निरखून पाहिलं. "लय लोकं काढले म्या. कोन-कोन ध्यानात ठेवू, भाऊ?"

साहेबांचा चेहरा पडला. मी घाईघाईनं त्यांची पदं सांगू लागलो. बाईंनी मला थांबवलं.

"थे राहू दे. लेकरं किती हायेत, थे इचार."

"एक मुलगा होता," साहेबांनी स्वतःच मराठीत उत्तर दिलं. "लढाईत गेला."

बाई जाळं सोडून त्यांच्याजवळ वाळूवर बसल्या. "माया पोरगाबी नदीनं नेला. मी इथीच होतो, पर हात पुरला नाई." मग उठत म्हणाल्या, "काऊन उपाशी बसून राह्यला? चाल, जेव."

परतताना साहेब जीपमध्ये गाढ झोपले. ड्रायव्हरला खड्डे चुकवत जीप हळू हाकावी लागली. नागपूरला आईनं काय पाहिलं विचारलं, तर मी सागवान आणि नदीचं पात्र सांगितलं.

पुढे त्यांची कारकीर्द मी वर्गात शिकवली. पुस्तकात सिरोंच्याला अर्धी ओळ आहे. ती आली की मला दिसायचं ते असं: साहेबांच्या बोटांना भात चिकटलाय, आणि लचमाबाई माशाचे काटे काढून काढून त्यांच्या पानात टाकतायत.