सुंदराबाईंच्या बावीस चुली

सुंदराबाई आमच्या आळीतल्या. शाळा दुसरीपर्यंतच, पण चिखलात हात घातला की नेमकं माप यायचं. चौऱ्याऐंशी साली त्या तालुक्याला जाऊन निर्धूर चूल घालायला शिकल्या आणि कोंडाण्याकडच्या घराघरांत चुली घालू लागल्या. धूर पाइपातून कुडाच्या भिंतीबाहेर जायचा. सिमेंटचा पाइप चढणीवर नेताना बायकांची मान मोडायची, म्हणून पुढच्या वर्षी सुंदराबाईंनी आपल्याच मनानं पत्र्याचा पाइप बसवला. अशा बावीस चुली झाल्या.

फाल्गुनात एका सकाळी घर सारवताना त्यांचा हात पाइपाजवळच्या कुडाला लागला. सारवण भुसभुशीत होऊन गळालं. आत कारवीच्या काठ्यांचा कोळसा! पत्रा तापत होता आणि कारवी आतल्या आत जळत होती. वर गवताचं छप्पर.

त्या धावत माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, "आधी तालुक्याच्या चूलवाल्या साहेबांना विचारूया."

"सायेब येनार सोमवारी. चुली आज पेटतील गं."

आम्ही निघालो. प्रत्येक दारात त्या तेच सांगत, "माज्या हातून चूक झाली हाय. पत्र्याच्या पाइपानं कुड जळतोय. ही चूल पेटवू नका. तीन दगड मांडून रांधा. सिमेंटचा पाइप आनून मी परत घालून देईन. तवर धूर सोसा."

वाटेत मी म्हटलं, "पत्रा खराब निघाला, असं सांगा की."

"पत्रा मीच निवडला ना?"

तेराव्या घरी धोंडूबाई अडल्या. परवा घरात लग्न, कुडाला लागूनच मांडव.

"सुंदरे, पाच सवाष्णींनी पुजलेली चूल हाय ही. लग्नाच्या तोंडावर विझवू? चार महिन्यांत काय बी झालं नाय. तुजंच डोकं तापलंय, कुड नाय!"

सुंदराबाईंनी वाद घातला नाही. चुलीला कुंकू लावलं, हात जोडले. "आई, माजं चुकलं. या घरावर राग धरू नको." मग विळ्यानं पाइपाशेजारचं सारवण खरवडलं. काळी भुकटी पडली आणि मागून धुराची बारीक रेघ निघाली. पलीकडे मांडवाच्या वाळक्या डहाळ्या होत्या.

धोंडूबाई ओरडल्या, "अगं बघता काय, हंडा आना!"

मी रोज देवापुढे चुकलंमाकलं पदरात घे म्हणते; डोळे मिटून, मनातल्या मनात. ही बाई ते दारोदार मोठ्यानं सांगत होती, आणि तिचा आवाज एकदाही खाली गेला नाही.

कुड विझल्यावर धोंडूबाई लग्नघर सोडून आमच्या पुढे चालू लागल्या. चौदाव्या दारात सुंदराबाईंनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हाळी दिली, "आधी चूल विझवा गं! मग काय ते ऐका तिचं!"

दिवेलागणीपर्यंत बाविसाव्या घरची चूल थंड झाली होती. त्या अंगणात तीन दगडांवर भात शिजत होता, आणि सुंदराबाई डोळे चोळत जाळ सारत होत्या.