मेजरबाईंचा मोकळा रकाना

आमच्या समोरच्या घराचं दार रोज दुपारी चारला उघडायचं आणि सहाला बंद व्हायचं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत एकोणीस वर्षं मी हे पाहिलं. आत दाराकडे तोंड करून एक खुर्ची, आणि खुर्चीत इस्त्रीच्या सुती साडीत मेजर शालन परब, सैन्यातल्या निवृत्त परिचारिका. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "भेटीची वेळ आहे, सावंत. प्रत्येक वॉर्डाला असते."

पाय मोडून मी महिनाभर घरी होतो, तेव्हा सवयीने मोजलं. तीस दिवसांत त्या दारात अकरा वेळा कुणीतरी आलं. त्यांपैकी सात वेळा कुरियर, गॅस किंवा वीजमीटरवाला. तीन वेळा माझी बायको मेधा. एकदा पत्ता चुकलेला माणूस. त्याला बाईंनी चहा पाजून सोडलं.

नवा माणूस पाटी वाचून हटकून विचारायचा, "मेजरसाहेब आहेत का?"

"मीच. बोला."

"नाही, म्हणजे तुमचे मिस्टर..."

"लग्न झालं नाही, मेजर झाले. काम काय ते बोला."

जिन्यात भेटल्या की पहिला शब्द, "काय सावंत, रिपोर्ट?" मी म्हणायचो, बरं आहे. त्यांना ते चालत नसे. "बरं आहे हा रिपोर्ट नाही. किती तास झोपलात? पाय किती पायऱ्यांनंतर दुखतो?" मग मी सांगायचो: साडेपाच तास, तेवीस पायऱ्या. त्या मान डोलवायच्या. आमचं जमलं ते या आकड्यांवरच. मात्र त्यांना कुणी रिपोर्ट विचारत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी विचारायला लागलो, तर पहिल्या दिवशी त्या जरा गोंधळल्याच. मग म्हणाल्या, "झोप चार तास. कुणाशी बोलणं नाही."

एकाहत्तरच्या युद्धात त्या सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात होत्या. सोसायटीने एकदा झेंडावंदनाला त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. "खाटा बावीस होत्या, जखमी चाळीसच्या वर. काहींना जमिनीवर झोपवलं. चादरी संपल्या. एवढंच. चहा गार होतोय." आणि खाली बसल्या.

दोन वर्षांपूर्वी सकाळी त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी आणि मेधाने त्यांना जवळच्या रुग्णालयात नेलं. दाखल करण्याच्या फॉर्मवर एक रकाना होता: जवळच्या नातेवाइकाचं नाव. बाईंना भावंडं नव्हती, आईवडील कधीच गेलेले. मी माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, फोन लिहिला. पुढचा रकाना नात्याचा. तिथे माझं पेन थांबलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, भाऊ, मुलगा, काहीतरी लिहा ना. शेजारी लिहिलंत तर वरून परत येतो फॉर्म."

बाई तीन हात अंतरावर स्ट्रेचरवर होत्या आणि माझ्याकडेच पाहत होत्या. मी आजवर कुठल्याही कागदावर खोटं लिहिलेलं नव्हतं. पेन धरून किती वेळ उभा राहिलो, तेवढं मात्र मोजलं नाही. शेवटी मी 'शेजारी' लिहिलं.

"बरोबर लिहिलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"काय रे हे!" मेधा माझ्या कानाशी म्हणाली. "एक शब्द लिहायला काय जात होतं तुझं?"

एक्स-रेच्या खोलीबाहेर आम्ही थांबलो होतो. बाई भिंतीकडेच बघून बोलायला लागल्या. "आमच्या वॉर्डात एक मालवणकडचा जवान होता. पोटात गोळी. युनिटचे कागद मागे राहिलेले, म्हणून आम्ही सगळी माहिती पुन्हा लिहून घेत होतो. घरी कुणाला कळवायचं, विचारलं. म्हणाला, 'माका कोण नाय गो, बाय. तुजाच नाव घाल. भयण म्हणान.' मी तेवीस वर्षांची, नवी लेफ्टनंट. म्हटलं, बहीण म्हणून असं लिहिता येत नाही. रकाना मोकळा ठेवला. तिसऱ्या दिवशी तो गेला. कुणाला कळवायचंच नव्हतं." मग म्हणाल्या, "नियम माझ्या बाजूने होता, सावंत. अजून आहे."

मी उठून काउंटरवर गेलो आणि नवा फॉर्म मागितला. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं. मुलीने दोन्ही वयं पाहिली, शहात्तर आणि चोपन्न. "सख्खे?"

"हो," मी म्हणालो.

परत येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "वय किती घातलंत स्वतःचं?"

"चोपन्न. खरं तेच."

"आमच्या आईची कमाल म्हणायची," त्या म्हणाल्या आणि हसायला गेल्या, तेवढ्यात कळ आली.

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर छातीत कफ साठला, ताप उतरेना, आणि पाचव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. त्या सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं आहे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर वेगवेगळ्या रुग्णांचे आम्ही नऊजण बसलो होतो. नर्स दार ढकलून बाहेर आली. "परबबाईंचे भाऊ कोण आहेत? त्या बोलवतायत."

इतर आठजणांसारखंच मीही इकडेतिकडे पाहिलं, कोण उठतंय म्हणून. कुणीच उठलं नाही.

"मेजर परबांचे भाऊ?" तिने पुन्हा विचारलं.

तेव्हा मी उठलो.