उमाटे सरांशी आम्ही बोललेलं खोटं

आमच्या एम.ए.च्या बॅचचे दोघंतिघं कुठंही भेटू द्या, लग्नात, तेरवीला, नाहीतर वर्ध्याच्या बसस्टँडवर. पोरंबाळं, बदल्या, गुडघेदुखी हे पाच मिनिटांत उरकतं आणि मग कोणीतरी म्हणतंच, "उमाटे सरांचं ते आठवते का?" झालं! बस सुटली तरी कोणी उठत नाही. दरवेळी एखादा नवा किस्सा निघतो, जुन्याला शेपूट फुटतं. हसायला सुरुवात जोरात होते आणि शेवटी सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसतात.

सर आम्हाला इतिहास शिकवायचे. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. वर्गात आम्ही नऊ जण.

*

सर हजेरी नावानं घेत नसत, गावानं घेत. "पुलगाव!" म्हटलं की गजानन उठायचा. त्याचे वडील तिथल्या कापडगिरणीत होते. "पवनार!" म्हटलं की मी.

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, आम्हाला नावं नाहीत का?"

"नाव तुझ्या बापानं ठेवलं," सर म्हणाले. "गावानं तुला काय दिलं ते दोन वर्षांत शोधून आण. मग नावानं हाक मारतो."

मला असा राग आला! घरी जाऊन आईला सांगितलं, हा मास्तर एक नंबरचा खडूस आहे.

*

पहिला अभ्यास होता, "घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाले बोलतं करा."

माझी आजी छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेली होती, कडेवर माझे बाबा. ते वर्गात वाचायची मला लाज वाटत होती. त्यावर मोठमोठ्या लोकांनी पुस्तकं लिहिलीत, माझ्या अडाणी आजीचं काय वाचू? तरी वाचलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकच विचारलं, "शिदोरीत काय होतं?"

"ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भाकरी वाटेतच संपल्या, सर. नुसता ठेचा उरला."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "लिहून घ्या रे सगळे! हे कोणत्याच पुस्तकात नाही."

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं, स्वतःची वही पुढं केली. "माझ्याही वहीत लिही. तुझ्या अक्षरात राहू दे."

मी वही उघडली. मागच्या पानावर सरांच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, काही कागद सोडून बाहेर गेलेल्या. अशा बावीस वह्या होत्या, वीस वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घेतलेल्या. त्यातल्या खुणा फक्त सरांनाच कळायच्या. त्यांचं एक पुस्तक करायचं, एवढंच त्या माणसाला आयुष्यात हवं होतं. आणि त्याचे डोळे चालले होते.

"कोनाले सांगजो नको," सर हळूच म्हणाले.

मी कसली गप्प बसते! संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं. रिटायरमेंटला दोन वर्षं होती. ऑफिसला समजलं असतं तर सरांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून कँटीनमध्ये आम्ही ठरवलं, सरांना काही दिसत नाही हे आम्हाला दिसत नाही.

*

दारापासून टेबलापर्यंत सात पावलं. सर ती न चुकता टाकायचे. पण विद्यापीठाची परीक्षा झाली, बाकं इकडची तिकडं झाली, आणि पहिल्याच तासाला सरांचा गुडघा काडकन आपटला. हातातली पुस्तकं खाली.

सर गुडघा चोळत म्हणाले, "हे बाक कोणत्या गावचं? हजेरीत तर नाही!"

सगळे हसलो.

त्याच दिवशी गजाननानं पांढरा ऑइलपेंट आणला आणि बाकांच्या पायांभोवती फरशीवर खुणा करायला बसला. तेवढ्यात आमचा शिपाई रामाजी आला. "सरकारी फरशी खराब करून राह्यला काय बे!" गजाननानं त्याला कारण सांगितलं. रामाजी थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. आम्हाला वाटलं, आता थेट प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये!

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर खुणांवर दुसरा हात मारलेला.

*

दर शनिवारी प्रत्येकानं एक निबंध लिहून आणायचा. आधी सर तो स्वतः वाचायचे. मग म्हणायला लागले, "तुमच्या तोंडून ऐकू द्या, मजा येते."

गजानन महाआळशी. एका शनिवारी त्यानं वहीचा कोरा कागद हातात धरला आणि उठून धडाधड 'वाचायला' लागला. नागपूरकर भोसले, कापसाचा व्यापार, इंग्रजांची रेल्वे, काय काय जोडलं! पठ्ठ्यानं दहा मिनिटं खेचली. आम्ही ओठ चावून बसलेलो.

"छान!" सर म्हणाले. "एकदम छान. आता घरी जाऊन हेच कागदावर लिहून काढ."

गजानन पांढराफटक! "सर, तुम्हाला कसं..."

"दहा मिनिटं वाचलं बेट्या, अन् पान एकदाही उलटवलं नाही."

त्यानंतर गजाननानं एकही निबंध चुकवला नाही. आता तो पुलगावला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. हा किस्सा तो स्वतःच सांगतो आणि सांगताना दरवेळी रडतो.

*

दुसऱ्या वर्षी सरांनी आमच्या पवनारची सहल काढली. धाम नदीच्या काठी जुनी कोरीव शिल्पं होती, त्यांच्यावर सर जीव टाकायचे. एका चौथऱ्यापाशी आम्हाला उभं केलं आणि हात करून सांगायला लागले, "हे बघा, हिच्या कमरेचा वळसा बघा. हातातला दागिना बघा. दीड हजार वर्षांपूर्वीचा कारागीर, पण बाईचं दमणं कसं पकडलं!"

चौथरा रिकामा होता. त्यावर कोणाचंतरी लुगडं वाळत पडलं होतं. मूर्ती महिन्याभरापूर्वीच लोकांनी उचलून पलीकडच्या देवळात नेली होती. मी गावातलीच, मला ठाऊक होतं, आणि सहलीच्या आधी सरांना सांगायचं मी विसरले होते!

"दिसलं का?" सरांनी विचारलं.

मग गजानन म्हणाला, "दिसलं सर. भारी आहे."

मग नऊच्या नऊ जणांनी त्या लुगड्याकडे बघून नोट्स घेतल्या. परतताना मी गजाननावर तोंड सोडलं, "एवढं खोटं बोलवलं कसं रे तुझ्यानं?"

"मंग तू काय म्हनली असती?" त्यानं विचारलं.

मी बसच्या खिडकीकडं तोंड करून रडले.

*

आता हा शेवटचा. बसस्टँडवर मी कधी सांगत नाही.

सर त्या उन्हाळ्यात मुंबईला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. तपासण्या झाल्या. ऑपरेशनचा उपयोग होईल की नाही ते पत्रानं कळवतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी सर आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून श्रावणात पत्र आलं तसा सरांनी मला निरोप धाडला.

आक्का चहा करायला आत गेल्या. सर खुर्चीत ताठ बसले होते, बावीस वह्या शेजारच्या टेबलावर रचलेल्या. मी पाकीट फोडलं. चार ओळी होत्या. ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. जी थोडी नजर आहे तीही काही महिन्यांत जाईल.

"वाच," सर म्हणाले. "मराठीतच सांग."

मी वाचलं, "ऑपरेशनचा उपयोग होईल. थोडं थांबावं लागेल. दिवाळीनंतर या."

सर म्हणाले, "पुन्हा एकदा वाच."

मी वाचलं, "ऑपरेशनचा उपयोग होईल. थोडं थांबावं लागेल. होळीनंतर या."

सरांनी मान खाली घातली. टेबलावरच्या सगळ्यात वरच्या वहीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"दोन प्रती जुळत नाहीत वं पोरी," ते म्हणाले.

मी कागद घट्ट धरून बसले.

आक्का चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. आधी माझ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. "काय लिवलं हाय रे?"

सरांनी मान वर केली आणि हसले.

"दिवाळीनंतर बोलावलं हाय, आक्का."