मुलाणी सरांचे न झालेले तास

त्या दिवशी कॉलेजात पोचले तेव्हा ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, ‘मुलाणी सर यांचे दुःखद निधन. दुपारनंतर कॉलेज बंद राहील.’ फळ्याभोवती पहिल्या वर्षाची मुलं जमली होती आणि दौंडची एसटी किती वाजता मिळेल याची चर्चा चालली होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, “मॅडम, हे सर काय शिकवायचे?” मी म्हणाले, “इतिहास. जगाचा.” तो गोंधळला. “आपल्याला कुठं इतिहास हाय?” त्याचं बरोबर होतं. या मुलांना इतिहास नाही. आधीच्या वर्षीच्या मुलांना अर्धा मिळाला. तो अर्ध्यावर कसा थांबला हे मला ठाऊक आहे... सरांना जाऊन महिना होत आला, तरी मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं कॉलेज शिरूरच्या बाहेर, डिप्लोमाचं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि सिव्हिल. संस्थापकांचा हट्ट होता की कारखान्यात जाणाऱ्या मुलालाही जग कसं घडलं ते थोडं माहीत असावं, म्हणून पहिल्या वर्षाला आठवड्यातून दोन तास ‘जगाच्या इतिहासाची तोंडओळख’ असायची. बोर्डाच्या परीक्षेत या विषयाला जागा नव्हती. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन दहाचा तास. जेवण झालेलं, पत्र्याखालचा वर्ग तापलेला, आणि मुलाणी सर दौंडहून दोन एसट्या बदलून तेवढ्यासाठी यायचे. मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला लागले होते. स्टाफरूममध्ये जागा कमी म्हणून आम्हाला एकच टेबल दिलं होतं. मी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली, कुणाशी आपणहून न बोलणारी. सर माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला “मॅडम” म्हणायचे आणि हसायचे. “मॅडम, आपल्या टेबलावर तुमची बाजू एवढी शांत असती, मला वाटतं भिंतीला लागूनच बसलोय.”

एकदा मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. ड्रॉइंगच्या शीट्स एकमेकींना चिकटवून मुलांनी पाच मीटरची पट्टी केली होती. एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. मुलं मिनीड्राफ्टर घेऊन मापं टाकत होती, कारण सरांनी सांगितलं होतं की इतिहासही स्केलमध्ये काढायचा, अंदाजे काढला तर मार्क कापणार. पाटसकडचा बिरा ठोंबरे नावाचा मुलगा मध्येच अडला. त्यानं पट्टीवर शून्य घेतलं होतं, तिथून डावीकडे ख्रिस्तपूर्व, उजवीकडे इसवी सन. सर म्हणाले, “शून्य खोड. शून्य नावाचं साल झालंच न्हाई. ख्रिस्तपूर्व एकनंतर डायरेक्ट इसवी सन एक.”

“सर, झिरोच न्हाई तर डायमेन्शन कुठनं द्यायचं?” बिरा खरोखर चिडला होता. “असं ड्रॉइंग वर्कशॉपात नेलं तर हाकलून देतील.”

“देतील ना. पण ज्यांनी ही मोजणी बसवली त्यांच्याकडं तवा झिरो नव्हता, बाबा. आपल्याकडं होता.”

“मग त्यांनी आपल्याला इचारायचं!”

“आपल्याला कोण इचारतंय?” सर म्हणाले, आणि सगळा वर्ग बाक वाजवून हसला. पुढचा सगळा तास मग मोजणी कोण ठरवतं यावर गेला. कारखान्याचा भोंगा यायच्या आधी तुझ्या आज्याला वेळ कशी कळायची, असं त्यांनी बिराला विचारलं. बिराच्या घरी पूर्वी मेंढरं होती. “मेंढरं उठली की आजा उठायचा,” तो म्हणाला. त्या उत्तरावरून सर थेट इंग्लंडमधल्या पहिल्या गिरण्यांवर गेले. तिथल्या खेड्यांतून आलेल्या माणसांना घड्याळावर उठायला शिकवताना मालकांच्या कसे नाकी नऊ आले ते सांगितलं. हे सगळं मी शाळेत इंग्रजीत पाठ केलं होतं, पण त्यात कुणी उठल्याचं किंवा झोपल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीनंतर सरांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग धूळ म्हणाले. पुण्याला तपासलं तेव्हा गाठ निघाली. ऑपरेशननंतर ते परत आले तेव्हा गळ्याला पांढरा रुमाल होता आणि आवाज नव्हता. खिशात एक छोटं पॅड असायचं, त्यावर लिहायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पॅड माझ्या बाजूला सरकवलं. ‘मी लिहून देतो. तुम्ही वाचून दाखवाल? मुलं अर्ध्यात आहेत.’ मी नाही म्हणू शकले नाही. खरं तर मी हो सुद्धा म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली.

सर वर्गात माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि मी वाचायचे. पहिल्याच तासाला सतराशे एकोणनव्वद आलं. आकडा समोर होता, पण मराठीत म्हणता येईना. मी “सतराशे एटीनाइन” म्हटलं. मागून कुणीतरी, “मॅडम, अर्धं साल मराठी, अर्धं विंग्रजी!” सरही खांदे हलवून हसले. पुढच्या वेळेपासून त्यांनी सगळी सालं अक्षरांत लिहून दिली. मला धाप लागायची म्हणून लाल पेनानं उभ्या रेघा मारल्या, प्रत्येक रेघेवर थांबून श्वास घ्यायचा. तरी माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नव्हता. मुलं वाईट नव्हती. सरांसाठी ती गप्प बसायची, पण ऐकू येत नाही म्हटल्यावर किती वेळ बसणार... एका शुक्रवारी मागच्या बाकांवर पत्ते निघाले. सरांनी ते पाहिलं. उठून ओरडावं तर आवाज नाही. त्यांनी डस्टर उचलून टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. वर्ग शांत झाला, आणि त्यांनी मला पुढं वाचायची खूण केली. मी पुढचं वाक्य वाचायला हवं होतं. मला ओळच सापडेना.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात स्टाफ मीटिंग होती. प्राचार्य वाईट माणूस नाहीत, त्यांनी सरळ विचारलं. “मुलाणी सरांचे तास मॅडम वाचून दाखवतात असं कळलं. मॅडम, वर्ष संपेपर्यंत कराल का? तुम्ही हो म्हणालात तर विषय ठेवू. गणिताला तास कमी पडतायत, नाहीतर तिकडे देऊ.” सर माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, मला अवघडायला नको म्हणून समोरच्या कपाटाकडे बघत होते. मी तोंड उघडलं. मला तो वर्ग दिसला, ते पत्ते, ते डस्टर. सगळे थांबले होते. मग प्राचार्य म्हणाले, “बरं. मग गणिताला देऊ,” आणि पुढचा विषय निघाला, वर्कशॉपच्या गळक्या पत्र्याचा. एक शब्द हवा होता. ज्याला आवाज नव्हता त्याच्यासाठी, ज्याला होता त्यानं म्हणायचा. मीटिंग संपल्यावर सरांनी पॅड काढलं. मला वाटलं, आता काहीतरी लिहितील. त्यांनी लिहिलं, ‘चहा?’

त्यानंतर ते कॉलेजात दोनदाच आले, कागदांवर सह्या करायला.

सर वारल्यावर मी प्राचार्यांकडे गेले. या वेळी बोलले, सगळं, न अडखळता. इतिहास पुन्हा सुरू करा, मी घेते. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, हे तेव्हा बोलायला हवं होतं. आता टाइमटेबल छापून गेलंय. आणि मागणार कोण? मुलांना असं काही होतं हेच माहीत नाही.”

मागच्या रविवारी दौंडला सरांच्या घरी गेले. चाचींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी मला बघितल्याबरोबर ओळखलं. “हळू बोलनाऱ्या मॅडम तुम्हीच व्हय?” चहा झाला, आणि त्या एक जाड वही घेऊन आल्या. “तास बंद झाले तरी मंगळवार-शुक्रवार दोन वाजले की शर्ट घालून टेबलाशी बसायचे. मी म्हनायची, आवं, तिथं कोन वाट बघतंय? तर हात करायचे, थांब म्हनून.” वहीत अकरा पाठ होते. मोठ्या अक्षरात. सालं शब्दांत. लाल उभ्या रेघा. माझ्यासाठी लिहिले होते, हे कुणी सांगायची गरज नव्हती. प्रत्येक पाठाच्या शेवटी अर्धं पान कोरं सोडलेलं, वर फक्त तीन शब्द, ‘मुलं काय म्हणाली.’

“मला मराठी बोलता येतं, वाचता येत न्हाई,” चाची म्हणाल्या. “उर्दू शाळेत चौथी झाले. आम्हाला कळू द्या तरी, काय लिवत होते ते.”

मी पहिला पाठ वाचला. पहिलं महायुद्ध. आपल्या भागातली माणसं कुठल्या कुठे नेली, तिकडे इंग्लंडात पुरुष लढाईवर गेल्यावर कारखान्यांत तोफगोळे भरायला बायका कशा उभ्या राहिल्या. रेघांवर थांबत, श्वास घेत. खोली लहान होती, आवाज पुरला. चाची ऐकता ऐकता पुढे सरकल्या होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, “आन् लढाई संपल्यावर? गडी परत आल्यावर त्या बायांला घरी बसवलं आसंल, न्हवं?”

मी पान उलटलं. पुढचा पाठ रशियाचा होता. “हो,” मी म्हणाले. “बऱ्याच जणींना बसवलं.”

“वाटलंच मला,” चाची म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

पर्समधून पेन काढून मी त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत त्या अर्ध्या पानावर लिहून घेतला. एका ओळीतच मावला. चाची पुढच्या महिन्यात मुलाकडे सोलापूरला राहायला जाणार आहेत. त्याआधी रशियाचा पाठ वाचून होईल, फार तर त्याच्या पुढचा. त्यानंतरच्या पानांवर काय लिहायचं, ते मला सांगणारं कुणी नसेल.